वारं मनुबाईकडं येतं

नूतन स्टोव्हच्या वाती वर-खाली करून मी कंटाळले होते, पोळ्या अर्ध्या लाटून झाल्या होत्या, आणि आमचे हे एका पायात मोजा घालून दुसऱ्याच्या शोधात पलंगाखाली शिरले होते. सांगलीच्या कॉलेजात पोरांना यंत्रशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाला दोन मोजे एका जागी ठेवायचं तंत्र काही साधलेलं नाही. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप, म्हणजे माणूस लांबून आलेलं आणि चिडलेलं.

दारात एक उंच, काटक बाई उभी होती. हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा, आणि पदराच्या टोकाला काहीतरी जड बांधलेलं. ती माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाली, "वाऱ्याचं सायब हितंच ऱ्हात्यात न्हवं?"

"तुम्ही कोण?"

"मी मनुबाई. माणातली. माझ्या परड्यात तुमची चक्की हुबी हाय. हुबी म्हंजी हुबीच हाय."

पलंगाखालची खुडबुड एकदम थांबली. मनुबाई हे नाव आमच्या घरात पाठ होतं.

डिझेल महागलं आणि मिळेनासं झालं, तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात विहिरीचं पाणी उपसणारी पवनचक्की शिरली. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे शहात्तर साली, हे वारा मोजायला माण तालुक्यात दहिवडीच्या बाजूला गेले. गावातल्या पारावर बसलेल्यांना विचारलं, "इथे वारं कुठे चांगलं येतं?" पारावरच्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "मनुबाईकडं. दर मंगळवारी."

ह्यांना केवढा आनंद झाला. स्थानिक लोकांचं निरीक्षण किती बारीक असतं बघ, वाऱ्याचा वारसुद्धा ठाऊक आहे, असं मला नंतर आठवडाभर ऐकवलं. मंगळवारी हे काठीवर चार वाट्या बसवलेलं वारामापक यंत्र घेऊन मनुबाईच्या अंगणात हजर झाले. अंगण माणसांनी भरलेलं, डफ वाजतोय, आणि मधोमध मनुबाई केस मोकळे सोडून घुमतेय. अंगात मायाक्का येते त्याला तिकडे वारं येणं म्हणतात, हे ह्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतं. गरगर फिरणाऱ्या वाट्यांची काठी धरून उभा असलेला हा माणूस कुठल्या तरी लांबच्या देवाचा मानकरी असावा, असं समजून मनुबाईनं ह्यांच्या कपाळाला मूठभर भंडारा फासला. तो पांढरा शर्ट मी अजून पिवळाच वाळत घालते.

गंमत म्हणजे वाट्या खरोखरच जोरात फिरल्या. तिचं घर दोन टेकड्यांच्या खिंडीत आहे, वारा तिथून सुसाट येतो. ह्यांची पहिली चक्की तिच्या परड्यातल्या विहिरीवर उभी राहिली. पाणी हौदात पडू लागलं, मेंढरं पिऊ लागली, आणि गावानं जो काढायचा तो अर्थ काढला. बाईच्या अंगातलं वारं आता लोखंडसुद्धा फिरवतंय म्हणाले. मंगळवारची गर्दी दुप्पट झाली.

गर्दी ह्यांच्याकडेही वाढली. एका ट्रस्टनं चक्क्या मागितल्या, एका साखर कारखान्यानं चौकशी केली, आणि आमचे हे आरशासमोर दाढी करता करता येत्या दहा वर्षांत सगळं माण पाती फिरवणार असं भाषण करू लागले. पहिल्या चक्कीचं काम ह्यांनी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये स्वतः उभं राहून करून घेतलं होतं. आता ते जमेना. मग माधवनगर रस्त्यावरच्या कारखान्यांना सुटे भाग करायला दिले. दादासोची ओतकामाची भट्टी आहे, तो ओततो, आणि शेजारच्या शेडमध्ये गुंडा लेथवर कातून देतो. बसवून द्यायलाही गुंडाच जातो. दादासोच्या दारावर आधी 'उसाचे चरक मिळतील' अशी पाटी होती. मागणी पुरती पक्की व्हायच्या आत 'पवनचक्कीचे अस्सल सुटे भाग' ही ओळ रंगवून झाली. चरक खाली सरकला.

तर त्या सकाळी मनुबाईनं पदराची गाठ सोडून टेबलावर ठेवला तो पितळी बुश होता, पात्यांचा आस ज्यात फिरतो तो नळकांड्यासारखा तुकडा.

"जुनं झिजलं म्हनून तुमचा मानूस ह्ये नवं घालून गेला. तवापास्नं चक्की हालंना. माझ्या पोरानं वर चढून काढलं."

ह्यांनी बुश हातात घेतला, उजेडाकडे धरला, आतून बघितलं, आणि घड्याळाकडे बघितलं. "माझं प्रॅक्टिकल आहे," असं म्हणून एका मोज्यानिशी बुटात पाय घातला आणि निघून गेले. जाताना मला म्हणाले, "तू जरा दादासोकडे घेऊन जा."

मी मनुबाईला जेवायला वाढलं, मागचं आवरलं आणि आम्ही दोघी टांग्यात बसलो. वाटेत तिनं आपणहून सांगायला सुरुवात केली. लग्न झालं तेव्हा ती एवढीशी होती. नवरा मुंबईला गोदीत, वर्षाकाठी एकदा यायचा. घरात मेंढरं आणि सासू.

"मेंढरं बरी व्हती," मनुबाई म्हणाली.

"आणि वारं कधीपासून येतं?"

"सासू लाकूड घिऊन मारत व्हती तवा पयल्यांदा आलं. म्या घुमाया लागले. सासूनं लाकूड टाकलं आन माझ्या पायावर डोस्कं ठिवलं. तवापास्नं येतंय."

मी हसू आवरलं. तिनं आवरलं नाही.

"पण मनुबाई, खरंच येतं का हो?"

"तुमच्या घरात वीज खरी येती का?"

"येते तेव्हा येते."

"तसंच हाय."

मग ती टांग्याबाहेर बघत म्हणाली, "आता कुनी ईत न्हाई बगा. मंगळवारी अंगन झाडून ठिवते, कुत्रं बसतंय त्येच्यात. सून हाय, अंजना. आदी अंगुळीला पानी काडून द्यायची. आता म्हंती, आत्ती, तुमीच घ्या काडून, तुमचं वारं गेलंय."

"चक्की बंद पडली म्हणून?"

"चक्की बंद पडली म्हनून न्हाई. ह्यो तुमचा मानूस काय बोलून गेला म्हनून."

काय बोलून गेला ते तिनं सांगितलं नाही. टांगा भट्टीपाशी आला होता.

दादासोनं बुश घेतला, हातोडीनं टण् करून वाजवला आणि माझ्या कानाजवळ धरला. "वयनी, आवाज बगा. ओतकामात खोट हाय का? घंटा हाय ही, घंटा."

"घंटा देवळात हाय माझ्या," मनुबाई म्हणाली. "मला फिरनारं पायजे."

"मग त्ये गुंडाला इचारा. भोक त्यानं पाडलंय."

गुंडा लेथवरून हात पुसत आला. त्यानं मनुबाईला ओळखलं आणि जरा मागं सरकला. "भोक काय मी माझ्या मनानं पाडतोय व्हय? चरकाचं माप हाय ह्ये. माझ्या बापापास्नं ह्येच माप चाललंय. पयल्यांदा घट्टच बसतंय. बैल जोडला की आठवड्यात सैल हुतंय."

"आणि वाऱ्याला बैल कुठून जोडायचे?" मी विचारलं.

गुंडानं खरोखर विचार केला. "त्ये आमच्याकडं ईत न्हाई वयनी. त्ये बसवनाऱ्यानं बगायचं."

"बसवायला कोण जातं?"

"मीच जातो."

दादासो भट्टीकडे तोंड करून हसायला लागला. "तू कशाला हसतोयस रं," गुंडा म्हणाला, "ओतीव चरकाच्याच साच्यातलं हाय तुझं." दादासोचं हसू थांबलं. साहेबांनी मापं घालून काढून दिलेला नकाशा कुठे आहे, असं मी विचारल्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नकाशा भिंतीवर होता, खिळ्याला, त्याच्यावर गेल्या वर्षीचं कालनिर्णय लटकत होतं.

मला वाटलं आता मनुबाई भांडेल. ती लेथपाशी गेली आणि गुंडाच्या समोर उभी राहिली.

"तू गावात काय म्हनलास रं?"

"काय म्हनलो?"

"मंगळवारी. भरल्या अंगनात. डफ वाजत व्हता, मी नुकती घुमाया लागले व्हते, आन तू वर चक्कीवरनं वरडून काय म्हनलास?"

गुंडानं डोकं खाजवलं. "म्हनलो, वारंच न्हाई हितं. चक्की काय माझ्या बापानं फिरवायची?"

"आयकलं का बाई," मनुबाई माझ्याकडे वळून म्हणाली. "बाभळ हालत व्हती, माझा पदर उडत व्हता, आन ह्यो बाबा सगळ्या गावाला सांगतोय, वारंच न्हाई. डफवाल्यानं डफ थांबवला. लोकं माझ्या तोंडाकडं बगाया लागली. सांगलीचा मानूस मशीन लावून सांगतोय म्हंजी खोटं कसं आसंल?"

गुंडाचा चेहरा असा झाला, की त्याला लेथमध्येच तोंड घालावंसं वाटत असावं. "मावशी, मी हवेचं म्हनलो."

"हवेचं म्हननार व्हतास तर हवा म्हनायचं."

गुंडानं बुश लेथवर चढवला आणि आतून कातायला घेतला. पितळेचे पिवळे कुरळे तुकडे खाली पडायला लागले. मधेच त्यानं थांबून भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि पहिल्यांदाच नकाशा बघितला. दादासोनं तिघांसाठी चहा मागवला, स्वतःसाठी मागवायचा विसरला.

काम झाल्यावर गुंडानं आसाचा तुकडा बुशात घालून बोटानं फिरवून दाखवला. एका टिचकीत फिरला. मनुबाईनं स्वतः फिरवून बघितला, मग परत फिरवून बघितला. बुश पदरात बांधताना म्हणाली, "बसवाया कवा येतोस?"

"येतो की ह्या मंगळवारी."

"मंगळवारीच ये. गर्दी न्हाई आता, पर ये."

मी तिला एस.टी. स्टँडवर सोडायला गेले. विट्याची गाडी लागली होती, दहिवडीची तिला तिथून मिळणार होती. खिडकीपाशी बसून तिनं पदर मांडीवर घेतला आणि मला हातानं जवळ बोलावलं. मला वाटलं, आता ही ह्यांच्यासाठी भंडारा देणार, आणि मी आणखी एका शर्टाची काळजी करायला लागले.

"सायबाला येक सांगा," ती म्हणाली. "ह्या गुंडालाबी सांगा, आन पुडं कुनाला धाडलं तर त्यालाबी. मशीन हाय, फिरंल, बंदबी पडंल. त्येचं काय न्हाई. पर बंद पडलं तर गावात 'हवा न्हाई' म्हना. 'वारं न्हाई' म्हनू नगा."