कोळ्याचा फोटो आन् आईची पांढरी साडी

पोट्टेहो, आज सकाळी म्या आईले फसवलं.

घरामागं वालाच्या फुलावर जवारीएवढा कोळी बसला होता. बॅटरी थेट मारली का फोटोत नुसता पांढरा चट्टा येते. उजेडासमोर पातळ कापड पायजे. विहारात जायाची आईची पांढरी साडी दोरीवरच होती.

"आई, हे बॅटरी धर आन् तिच्यासमोर साडी धर ना. फुलाचा फोटो काढून राह्यलो."

धरली बिचारीनं. कोळ्याले लय भेते ते.

फोटो पाहून ओरडली, "मुडद्या, हा तं कोळी होय!" मंग मोबाईल डोळ्याजवळ नेला. "कितीक डोळे हायेत रे याले? पाय नाई आले, अजून एक काढ."

पौर्णिमेच्या वंदनेले आमी उशिरा पोचलो. आता मले शिव्या पडतीन म्हटलं, तं आई साऱ्या बायाइले मोबाईल दाखवून सांगे, "लाइट म्या धरली होती."

तुमच्यासाठी लाइट कोण धरते, सांगा बरं?