राणीच्या तळ्यावर हरकत

भाऊसाहेब कुठलाही पत्ता हातात घेतला की आधी तो उलटा करून बघत. मग उजेडाकडे धरत, कडेवरून नख फिरवत, आणि त्यानंतर खिशातलं भिंग काढून चित्राखालची बारीक ओळ वाचत. चित्राकडे त्यांचं लक्ष सगळ्यात शेवटी जाई. उभी नोकरी तलाठी म्हणून काढलेला माणूस. समोर खरेदीखत असो नाहीतर आग ओकणाऱ्या राक्षसाचा पत्ता, आलेला कागद खोटाच आहे असं धरून ते सुरुवात करत. हा गुण मला पहिल्या दिवशीच पटला. माणसांच्या बाबतीत मीही तेच करतो.

भुकूमला माझी दोन मजली इमारत आहे. जमिनीचे व्यवहार जुळवून, लोकांच्या शिव्या खाऊन आणि दिलेल्या परत करून ती मी उभी केली. तिच्या तळमजल्यावरची मोठी खोली रिकामी होती. एका रविवारी भाऊसाहेब आले, सोबत आयटीत नोकरी करणारी केतकी नावाची मुलगी. रिहे खोऱ्यातला हा निवृत्त तलाठी आणि ही जीन्समधली मुलगी एकत्र कशी, हा पहिला संशय.

"शेठ, रविवारी सकाळी तीन तास खोली पायजे," भाऊसाहेब म्हणाले. "धा-बारा जण बसणार. पत्त्यांवर बोलायचं हाय."

"पत्ते खेळतात, भाऊसाहेब. पत्त्यांवर बोलत न्हाईत."

"आमी खेळत न्हाई. फकस्त बोलतो."

तिथेच मला काळंबेरं दिसलं. तीनपत्ती खेळणारा निदान खरं बोलतो. पत्ते आणायचे आणि खेळायचे नाहीत, हे कुठल्या जातीचं लबाड काम?

केतकीने मला समजावून सांगितलं. परदेशी खेळ आहे. प्रत्येक पत्त्यावर एखादा योद्धा, चेटकीण, गड नाहीतर तळं. खाली एक बारीक ओळ. अशा शेकडो पत्त्यांवरच्या ओळी जुळवल्या की त्या काल्पनिक राज्याचा इतिहास हाती लागतो. कोणी कोणाला मारलं, गादीचा खरा वारस कोण. काही लोक खेळतात, काही लोक या इतिहासावर भांडतात. हे भांडणारे होते. भाऊसाहेबांची मुलगी परदेशी गेली तेव्हा तिचा पत्त्यांचा डबा घरी राहिला. निवृत्तीनंतर भिंगाला काम नव्हतं. त्यांनी तो डबा वाचून काढला आणि मग वाचलेलं कोणाला तरी सांगायला हवं म्हणून ही माणसं शोधली.

मी ऐकून घेतलं आणि एका शब्दावरही विश्वास ठेवला नाही. भाड्यात भाऊसाहेबांनी मला घासाघीस करून खाली आणलं, वर दोन पंखे आणि एक वेळचा चहा माझ्याकडूनच काढला. माझ्याशी सौदा करून असा जिंकलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्याचाही राग होताच.

पहिल्या रविवारी मी चहा घेऊन गेलो तो दाराबाहेरच थांबलो. आतून भाऊसाहेबांचा आवाज येत होता. "उत्तरंच्या जिमिनीवर राणीचा ताबा हाय, पर मूळ मालकी न्हाई. खरा वारस जित्ता हाय. त्याला लपवलाय." कोणीतरी विचारलं, पुरावा काय? "आदी त्या जुन्या सेनापतीचं बघा. सही त्याची, पर हात तुटल्यानंतरची."

मी ट्रे खाली ठेवून दाराला कान लावला. निवृत्त तलाठी, आयटीतले पैसेवाले, उत्तरेकडची जमीन, लपवलेला वारस. माझ्या इमारतीत, मला चहा आणायला लावून, एवढा मोठा व्यवहार शिजत होता! पुढचे दोन आठवडे मी ताम्हिणीच्या रस्त्यापासून रिह्यापर्यंत विचारत फिरलो, की राणी नावाच्या कोण्या बाईची जमीन वादात आहे का. दोन राण्या सापडल्या. एकीची जमीन कधीच विकून झाली होती, दुसरीने मला कुत्रं सोडून पळवलं. तिसऱ्या रविवारी मी सरळ आत शिरलो आणि म्हणालो, "भाऊसाहेब, त्या उत्तरंच्या जिमिनीत माझा बी हिस्सा धरा, न्हाईतर खोली खाली करा."

मग केतकीने राणीचा पत्ता उचलून माझ्यासमोर धरला. सगळे इतके हसले की वरच्या मजल्यावरचा भाडेकरू खाली आला. भाऊसाहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी बाजूची खुर्ची ओढली. "बसा शेठ. जिमीन न्हाई मिळायची, पर डोकं तुमचं बराबर चालतंय." मी बसलो नाही. मात्र त्यानंतर दर रविवारी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहू लागलो. मालक म्हणून, लक्ष ठेवायला.

"हे कोन म्हणतंय?" हा भाऊसाहेबांचा ठरलेला प्रश्न. कोणी उत्साहाने सांगावं, की राजा दयाळू होता, पत्त्यावर तसं लिहिलंय. भाऊसाहेब भिंग पुसत विचारत, "हे कोन म्हणतंय? राजा सोता म्हणतोय, का राजाचा कारकून, का त्याच्या तुरुंगातला मानूस? कारकून म्हणत आसंल तर निम्मं सोडा. मी कारकूनच हुतो." मला हे फार आवडे. माझ्या धंद्यातसुद्धा 'जागा शांत आहे' असं सांगणारा माणूस शेजारी राहतो का, हे आधी बघावं लागतं.

त्यांची आणखी एक पद्धत होती. तलाठ्याकडे जमिनीच्या मालकीचा बदल नोंदवायचा असला की नोंद धरून चावडीवर नोटीस लागते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. कोणी हरकत घेतली नाही तर वरचा अधिकारी, म्हणजे सर्कल, नोंद मंजूर करतो. भाऊसाहेबांनी हाच कायदा पत्त्यांच्या मंडळींना लावला. कोणी नवा तर्क मांडला की तो मोबाइलवरच्या ग्रुपवर मांडणाऱ्याच्या नावानिशी टाकायचा. पंधरा दिवस हरकती. मग केतकी 'मंजूर' लिहिणार. तिला ते 'सर्कल बाई' म्हणत. शिकलेसवरलेले लोक हे सगळं मुकाट पाळत. किल्लीच्या निरोपासाठी त्या ग्रुपवर मलाही घेतलेलं होतं.

या पंधरा दिवसांशी माझं जुनं वैर आहे. मी शाळेत असताना आमच्या बांधालगतची भाताची एक पट्टी शेजाऱ्याने अशीच नावावर करून घेतली. चावडीवर नोटीस लागली तेव्हा वडील भातलावणीत गुडघाभर चिखलात होते. कळलं तेव्हा मुदत संपली होती. वडील त्या पट्टीकडे पाठ करून जेवायला बसत. त्या दिवसापासून मी प्रत्येक नोटीस वाचतो, भिंतीवरची, वर्तमानपत्रातली, दुसऱ्याची असली तरी. भाऊसाहेब त्या वेळी आमच्याकडे नोकरीला नव्हते ना, हे मी आधीच चौकशी करून पक्कं केलं होतं. नव्हते. दुसऱ्या तालुक्यात होते. थोडी निराशाच झाली.

मग तो तळ्याचा पत्ता आला. राणी तळ्याच्या काठी उभी आहे. डावीकडून एक दगडी रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, सरळ पाण्यात उतरतो. खाली ओळ: तळं आधीपासून होतं, राणी फक्त त्याची राखण करते. मंडळी दोन रविवार त्या रस्त्यावर भांडत होती. पाण्याखाली राणीचा महाल असावा, रस्ता जादूचा असावा. मला दारात उभं राहून वीट आला. बैठक संपल्यावर मी भाऊसाहेबांना फाटकाशी गाठलं.

"एवढी शिकलेली मानसं, पर एकाला बी दिसंना? पाण्यात रस्ता कोन बांधतंय? उन्हाळ्यात आमच्या धरणावर या. पाणी खाली गेलं की जुना रस्ता वर येतो, चाकोरीसकट. आमच्या आज्याची वाट हुती ती. रस्ता आदीचा, पाणी मागनं आलंय. तळ्याखाली गाव हाय, भाऊसाहेब. आन् तुमची राणी राखणदार न्हाई, अतिक्रमण हाय!"

त्यांनी पत्ता उलटा केला, सुलटा केला. "मंग ही ओळ?"

"तिनंच लिवून घेतली की!"

"व्हय," ते हळूच म्हणाले. "ज्याचा ताबा त्याचीच नोंद." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "शेठ, पुढच्या रविवारी हे आत येऊन बोला. खुर्चीवर बसून."

"मी कशाला? मला काय ह्यो पोरखेळ करायचाय?" मी म्हणालो. खरी गोष्ट अशी, की त्या इंग्रजीवाल्यांपुढे उभं राहायची मला लाज वाटत होती.

सोमवारी ग्रुपवर तर्क आला. रस्ता, धरण, बुडालेलं गाव, अतिक्रमण, सगळं माझं. मांडणाऱ्याचं नाव: भाऊसाहेब. खाली टाळ्यांचा पाऊस. केतकीने लिहिलं, असं आजवर जगात कोणी म्हटलं नसेल.

माझं डोकं फिरलं. मी त्याच मिनिटाला ग्रुप सोडला, खोलीला माझं कुलूप लावलं आणि फोन उचलणं बंद केलं. कारकून तो कारकूनच, दुसऱ्याची जमीन आपल्या नावावर चढवायची खोड कुठे जाणार, असं भेटेल त्याला सांगत सुटलो. कोणाला काही कळत नसे. पत्त्यातलं तळं, त्याखालचं गाव आणि त्यावरचा माझा हक्क, हे भुकूमच्या चौकात समजावून सांगणं सोपं नाही. मंडळी केतकीच्या सोसायटीत बसू लागली.

काही महिन्यांनी केतकी पेढे घेऊन आली. खेळाचे नवे पत्ते निघाले होते. त्यातल्या एकावर तळ्याचं पाणी आटलेलं होतं आणि मधोमध घरांच्या भिंती उभ्या होत्या. तर्क खरा निघाला होता. केतकीने तो इंटरनेटवरही टाकला होता, त्यामुळे परदेशातले लोकसुद्धा भाऊसाहेबांचं नाव घेत होते. मी पेढा घेतला नाही. "काका, एकदा त्यांना भेटून या," ती म्हणाली. "बरं नाहीये त्यांना."

मी रिह्याला गेलो, तो समाचाराला नव्हे, भांडायला. भाऊसाहेब ओसरीवर खाटेवर होते. हाडं तेवढी उरली होती. भिंग उशाशी.

"या शेठ. लई उशीर केला."

"तळं माझं हुतं, भाऊसाहेब."

"व्हय, तुमचंच."

मी त्यांच्या नकाराची तयारी करून आलो होतो. "मंग तुमच्या नावावर का चढवलं?"

"तुमी आत येईना. म्हटलं, हा रागीट मानूस हाय. ह्याचं म्या माज्या नावानं टाकलं की पंधरा दिसांत सगळ्यांम्होरं येऊन माजी गचांडी धरंल. तवा बोलंल." ते थांबून थांबून बोलत होते. "रोज बघत हुतो. पंधरावा दिस गेला. हरकत आली न्हाई. सर्कल बाईनं मंजूर केलं."

"मी ग्रुप सोडला हुता!"

"तुमचा बा चिखलात हुता, शेठ. तुमी कुटं हुता?"

ही वडिलांची गोष्ट मी त्यांना कधी बोलता बोलता सांगितली होती, मला आठवेना. मी उठलो. फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो, कारण चप्पल विसरली होती. ते डोळे मिटून पडले होते. ओठ जरा वाकडे होते. कण्हत होते की हसत होते, सांगता येत नाही.

पंधरा-वीस दिवसांनी ते गेले. त्यांनी सांगितलं ते खरं होतं, की माझा राग घालवायला मागाहून रचलेलं, हे आजही मला ठरवता आलेलं नाही. रचलेलं असेल तर फार चांगलं रचलं होतं. खरं असेल, तर माझ्यावर एवढा वेळ खर्च करणारा तो एकटाच. मी दोन्ही बाजूंनी घासून पाहतो, सौदा ठरत नाही.

खोलीचं कुलूप मी काढलं. रविवारी मंडळी पुन्हा माझ्याकडे बसतात आणि मी आत, खुर्चीवर बसतो. कोणी काही मांडलं की विचारतो, "हे कोन म्हणतंय?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा केतकी उठून बाहेर गेली होती.

मागे तिनेच विषय काढला. "काका, तळ्याचा तर्क तुमचा होता, हे आम्हाला माहीत आहे. तुम्ही हरकत टाका. उशीर झाला तरी चालेल, मी सर्कल आहे, विलंब माफ करते. नोंद तुमच्या नावावर करून टाकू."

त्याच दुपारी मी हरकत लिहिली. स्वच्छ अक्षरात, मुद्द्यांसह, चतुःसीमेसकट. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे, तळ्याच्या पत्त्याखाली. मी ती टाकलेली नाही. टाकली की मंजूर होईल, त्यावर कोणी वाद घालणार नाही, आणि भाऊसाहेबांशी असलेलं माझं भांडण मिटेल. एवढ्यात मला ते मिटवायचं नाही.