बिब्ब्याच्या फुल्या

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो — आणि सांगताना आजही अंगात तीच तरतरी येते, याचीच मला जास्त लाज वाटते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मेडशीजवळच्या एका खेड्यात मी नवाकोरा डॉक्टर होतो. सखूबाई तिथे बिब्बे फोडून आतला गर, गोडंबी, काढायची. त्याच्या तेलाने बोटं कायम काळी. एके दिवशी तिने आपल्या विशीतल्या पोराला, सुदामला, आणलं. ताप, आणि चार दिवस पोट साफ नाही.

"तीन हप्ते झाले जी तापाले," ती म्हणाली.

मी ऐकलं — पण खरंच ऐकलं का? बाहेर रांग, मी हवेत. एरंडेलाचा दणदणीत डोस दिला. तीन आठवड्यांचा ताप म्हणजे टायफॉइड असू शकतो, तेव्हा आतड्याला व्रण पडलेले असतात, जुलाब मुळीच द्यायचा नाही — हे मीच परीक्षेत लिहून आलो होतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बैलगाडीत घालून आणलं. जुलाबानंतर पोटात एकदम कळ उठली होती. मग आईने, इकडे सगळेच करतात तसं, बिब्बा सुईला टोचून तापवला आणि पोटावर त्याच्या तेलाच्या फुल्या घातल्या. आधी कळ, मग बिब्बा. हा क्रम मला तेव्हाही ठाऊक होता.

मी पोटावर हात ठेवला — फळीसारखं कडक! यकृतावर बोटांनी ठोकलं — जिथे बद्द आवाज यायला हवा तिथे पोकळ! म्हणजे पोटात हवा सुटलेली. म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग, इलियम, फुटलेला! पुस्तकातलं पान माझ्या हाताखाली होतं. काय सांगू, मला आनंद झाला. पोरगं मरायला टेकलेलं, आणि मी आनंदात.

अकोल्याची एसटी अडवली. मागचं बाक रिकामं केलं. ड्रायव्हरने एकही थांबा घेतला नाही. पातूरच्या घाटात प्रवासीच खिडकीतून ओरडून बैलगाड्या बाजूला काढत होते! दवाखान्यात सुदामला धरून उभं केलं, एक्स-रे काढला — छातीच्या पडद्याखाली हवेची बारीक कोर! सर्जननी पोट उघडून मसुरीएवढं भोक शिवलं. बाहेर येऊन माझी पाठ थोपटली. "खेड्यात बसून ओळखलंत!"

सखूबाई तिथेच उभी होती. बोटं पदरात लपवत तिने विचारलं, "साह्येब, माह्या बिब्ब्यानं झालं का हे?"

किती सोपं होतं! नाही, सखूबाई, माझ्या एरंडेलानं. एवढंच तर म्हणायचं होतं. पण सर्जन ऐकत होते ना?

"हो," मी म्हणालो. "यापुढे हात लावू नका त्याला."

सुदाम वाचला. गावाने मला हार घातला. एसटी, घाट, हवेची कोर — पुढे कितीदा रंगवून सांगितलं मी हे! एरंडेल तेवढं वगळून. आतडं तसंही फुटलं असतं, असं म्हणता येतं. मी स्वतःशी पुष्कळदा म्हटलं आहे.

काही वर्षांनी सुदामच्या तान्ह्या मुलाला बघायला त्यांच्या घरी गेलो. पोटात वारा धरला होता, दुसरं काही नाही. पोर किंचाळत होतं आणि सखूबाई पाळण्याशेजारी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

"पोटावरून जरा हात फिरवा की," मी म्हणालो.

"नाई जी. माह्या हातानं नोको. तुमीच पाहा."

मी हात फिरवला. पोर निवलं. सखूबाईचे डोळे भरून आले, आणि ती वाकून माझ्या पाया पडली.

मी पडू दिलं.