भाग दोनमध्ये पाणीच नाही

आता हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मध्येच हसलात की मला पुढचं आठवत नाही!

मी आमच्या गावची पंचायत मेंबर. बिदरकडच्या खटकचिंचोळीहून थोडं पुढं आमचं गाव. बाईसाठी राखीव जागा आली, सगळ्यांनी मिळून मला उभं केलं, अन् मी निवडूनही आले! पण सात महिन्यांत मीटिंगमध्ये काय बोलले असेन? चहा आला की 'साखर कमी', एवढंच. पाठीमागं लोक मला 'गपगार मेंबर' म्हणत. एकदा तरी उठून बोलायचं, हे मनात फार होतं.

नळाच्या पाण्यासाठी गावाचे दोन भाग केलेत. खालचा भाग एक, वरचा भाग दोन. मी भाग दोनची.

लेकीनं, पल्लवीनं, नवा फोन घेतला अन् जुना, सिमकार्डासकट, मला दिला. एका सकाळी मी नळ सोडून हौद भरायला लावला, तर फोन टुणटुण वाजायला लागला. ग्रुपचं नाव काय? 'भाग दोन'! मला वाटलं, चला, लोकांनी आपल्या मेंबरला ग्रुपात घेतलं. चष्मा लावून वाचायला बसले.

'चार वर्षं वाट बघायला लावली अन् हे दिलं?'

'पाणी कुठंय? नुसती धूळ!'

'पहिला भाग लई चांगला. दुसऱ्याची पार वाट लावली.'

'टाकीवाला एवढा चोर, अन् लोक त्यालाच हार घालायलेत!'

खाली फोटो. तोंडाला फडकं बांधलेला, धुळीनं माखलेला माणूस, हातात रिकामा डबा. आमचं घर भाग दोनच्या अगदी तोंडाशी, पाणी आधी आम्हाला येतं. म्हणजे मी इथं हौद भरायले अन् वरच्या गल्लीत ही दशा?

तेवढ्यात आलं, 'म्हातारी पाणी पाणी करत मेली, तिथं मी रडलो.'

कसंबसं लिहिलं, 'कधी मेली?'

'सुरुवातीलाच की! तू झोपली होतीस काय?'

बघा आता! मेंबरला 'तू'! पण चूक माझीच, म्हणून गिळलं. पदर खोचला अन् तशीच वरच्या गल्लीला निघाले.

तिथली सगळ्यांत म्हातारी म्हणजे गंगामावशी. ती आपली दारात लसूण सोलत बसलेली!

"मावशी, तुम्ही बऱ्या हाव का?"

"कामून? मरायला पायजे व्हय?"

"तसं न्हाई... पाणी पुरायलंय का?"

मावशीनं सूप बाजूला सारलं. "पाणी? पाणी कधी पुरलंय बाई? माझ्या लग्नापासून पुरलं न्हाई!"

मला एवढं बास झालं. (पाणी पुरतं म्हणणारी बाई तुम्ही तरी कुठं बघितलीय का?) दहा मिनिटांत आठ बाया, आठ घागरी, अन् सगळ्यांच्या पुढं मी. पंचायतीत पीडीओ साहेब, म्हणजे तिथले मोठे अधिकारी, बसलेले. बोली कन्नड, पण मराठी सगळं समजतं.

"बर्री अक्का, कुंद्रि," म्हणत त्यांनी खुर्ची सरकवली.

"बसणार न्हाई!"

सात महिन्यांतलं माझं पहिलं वाक्य! माझं मलाच खरं वाटेना. फोन वर धरून एकेक तक्रार मोठ्यानं वाचत सुटले. तेवढ्यात नळ सोडणारा शिवप्पा नेमका धापा टाकत दारात आला. मी सरळ बोट दाखवलं, "हाच टाकीवाला चोर!"

शिवप्पाचं तोंड उतरलं. बाया घागरी बडवायला लागल्या. मला असं काही स्फुरण चढलं म्हणता! पुढचं न बघताच वाचलं, "टँकर उडवला तेवढंच भारी! अन् हिरोइननं लोखंडी हातानं चौघांना हाणलं..."

घागरी थांबल्या.

"कोणाची हिरोइन?" गंगामावशीनं विचारलं.

साहेबांनी फोन मागून घेतला. वर सरकवला, खाली सरकवला. ओठ दाबून म्हणाले, "अक्का, इदु पिक्चर अद री! पिक्चरचा भाग दोन. पुढं जगातलं पाणी संपतंय, त्याची गोष्ट."

पल्लवीच्या कॉलेजातल्या पोरापोरींचा ग्रुप होता तो! मला तीच समजून बोलत होते.

"अक्का, चोर म्हणा, काय बी म्हणा," शिवप्पा म्हणाला, "पर आधी घरचा नळ बंद करा. तेच सांगायला पळत आलतो. तुमचा हौद भरून पाणी रस्त्यावर वाहायलंय. गल्लीत चिखल झालाय!"

धरणी दुभंगावी असं वाटलं. पण तिथंही चिखलच असणार. सगळ्यांसमोर शिवप्पाची माफी मागितली. तो भला माणूस. म्हणाला, "असू द्या अक्का. बोललात तरी!"

पुढच्या रविवारी पल्लवीनं मला बिदरला नेऊन तो पिक्चर दाखवला. म्हातारी मेली तिथं मीही रडले. पण बाकी काही दम नाही, खरं सांगते. घरी आल्याआल्या ग्रुपात इमानानं लिहिलं, 'थोडं तरी पाणी दाखवायला पायजे होतं.'

लगेच उत्तर! पल्लवीनं त्यांना सगळं आधीच सांगून ठेवलेलं. 'ते तुमच्या गल्लीत वाहून गेलं, मेंबर अक्का! आज तरी नळ बंद करून गेला होतात का?'

मी चप्पल न काढताच परसात पळाले.

चालूच होता!