माझं पहिलं अपेंडिक्स

जांघेत आलेली गाठ म्हणजे हर्निया आहे, पोटाची भिंत कमजोर झाल्यामुळे तिथून आतडं बाहेर डोकावतंय आणि ऑपरेशन करून जाळी बसवावी लागेल, हे सोमाटण्याच्या डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावलं. ते चित्र मी सासुरवाडीत कुणाला काढून दाखवणार? मी अपेंडिक्स काढलं असं सांगून टाकलं.

वलवणहून सासरे भेटायला आले आणि तासभर स्वतःच्या अपेंडिक्सची कहाणी सांगत बसले. हसलं की माझे टाके ओढायचे, आणि हा माणूस हसवल्याशिवाय उठायला तयार नव्हता.

दीड वर्षाने माझं खरोखरचं अपेंडिक्स दुखायला लागलं आणि तेही काढावं लागलं. माणसाला दोन अपेंडिक्स नसतात एवढं माझ्या सासुरवाडीलाही कळतं, त्यामुळे या खेपेला नाइलाजाने हर्निया सांगितला.

सासरे पुन्हा आले. त्यांनी लेकीला चहा टाकायला पाठवलं, दार लोटून घेतलं आणि खुर्ची माझ्या पलंगाजवळ ओढली.

"पाव्हणं, तुमी आता आपल्यातलेच म्हणून सांगतो," ते हळूच म्हणाले, "माजंबी त्ये अपेंडिक्स न्हवतं."