अक्काची किमो, माझी किमो

माझ्या थोरल्या जावेला, म्हणजे अक्काला, आणि मला दोन वर्षांच्या फरकानं छातीत गाठ निघाली. आधी तिला, मग मला. डॉक्टर तेच, औषधं जवळजवळ तीच, घर तर एकच. आमचा कडक भाकरीचा धंदा. शेवटच्या किमोनंतर तिसऱ्या महिन्यात अक्का परातीपुढं बसली आणि पहिल्यासारखी भाकरी थापायला लागली. मग घरानं माझ्याकडूनही तीच अपेक्षा धरली. त्यांचं तरी काय चुकलं? मीही तीच धरली होती.

तिसरा महिना गेला, सहावा गेला, वर्ष गेलं. रिपोर्ट सगळे चांगले. पण बोटं बधीर. हाताला पीठ लागलंय की नाही, ते बघितल्यावर कळायचं. माझी भाकरी एकीकडं जाड, एकीकडं भोक. कडक भाकरी पापडासारखी पातळ लागते, असली कोण घेतंय? दुपारी तर अंग असं गळायचं की डोळे उघडे ठेवणं जिवावर यायचं. सासूबाई म्हणायच्या, "दोघी एकाच घरच्या सुना. ती उठली की! हिचेच लई नखरे." भांडायला माझी जीभ वळवळायची, ती तेवढी बधीर झाली नव्हती. पण आतून मला त्यांचं पटायचं. मी आळशी आहे, आजाराचं निमित्त करून लोळतेय, असं मीच स्वतःला रोज ऐकवायचे. त्या वर्षात आजारापेक्षा या विचारानं मला जास्त खाल्लं.

अक्काला सोबत घेऊन तपासणीला गेले तेव्हा एक नवी डॉक्टरीण होती, माझ्या पोरीच्या वयाची. बऱ्या झालेल्या बायकांचं पुढं कसं चाललंय, याची ती माहिती घेत होती. झोप, दुखणं, थकवा, सगळं विचारलं. मग म्हणाली, "तुमच्या घराण्यात आणखी कुणाला हा आजार?"

"हाय की. माझ्या जावेला."

तिनं पेन खाली ठेवलं. "मावशी, जाऊ कशी चालेल? तुमच्या रक्ताचं कोण?"

अगं बाई! लग्नाला तीस वर्षं झाली. नाव बदललं, आडनाव बदललं, देव बदलले. रक्तही बदललं असंच मी धरून चालले होते. शेजारी बसलेली अक्का तोंडाला पदर लावून हसत सुटली.

डॉक्टरीण मात्र हसली नाही. औषध एकच दिलं तरी नसांना किती इजा होते, थकवा किती रेंगाळतो, यात थोडा वाटा आईबापाकडून आलेल्या जनुकांचा असू शकतो, असं तिनं सांगितलं. सगळा नाही, आणि कुणात किती ते अजून नीट सांगता येत नाही. "पण तुम्ही दोघी घरानं एक, शरीरानं नाही. तिच्याशी बरोबरी कशाला करता?" मग तिनं विचारलं, "मोठं आजारपण झालं की तुमच्या आईचं कसं व्हायचं?"

आई माढ्याजवळच्या खेड्यात असते. मी दहावीत असताना तिची पिशवी काढली. तेच ऑपरेशन झालेल्या बाकीच्या बायका दोन-तीन महिन्यांत खुरपायला गेल्या. आई वर्षभर दुपारी आडवी व्हायची. सगळे तिला आळशी म्हणायचे. सगळे म्हणजे कोण? सगळ्यात मोठ्यानं मीच. "बाकीच्या बायांना न्हाय व्हत, तुलाच कसं व्हतंय?" असं तोंडावर बोलले होते. ती उठून कामाला लागली होती.

घरी आल्यावर अक्कानं सासूबाईंना ठणकावलं, "तिचं रक्त येगळं हाय. डॉक्टरनं लिहून दिलंय." लिहून बिहून काही दिलं नव्हतं! पण तेव्हापासून थापायचं अक्कानं, वाळवायचं आणि पुडे बांधायचे मी. दुपारी दोन तास मी बिनघोर झोपते. बोटं अजून बधीर आहेत, पण मी सुखात आहे, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तपासणी झाली त्याच आठवड्यात एसटी धरून आईकडं गेले. भर दुपार. ती चटईवर पडली होती. माझी चाहूल लागताच धडपडत उठली, सत्तरी ओलांडलेली बाई, आणि रिकामं सूप पुढं ओढून त्यात काहीतरी निवडायला लागली. "आत्ताच टेकले व्हते गं," म्हणाली.

मी सूप काढून घेतलं आणि तिच्या चटईवर आडवी झाले. "नीज आई. मला बी असंच व्हतंय."

ती बसूनच राहिली. हळूच म्हणाली, "खरंच व्हतंय का गं असं?"

"व्हतंय की."

मग ती आडवी झाली.