रायपूरच्या वर्गात सापडलेलं नाव

चंद्रपूरला माझं छोटंसं बातम्यांचं पोर्टल आहे. कामाचा फलक दिसतो, काम दिसत नाही, अशा तक्रारी रोज येतात. पण पैसा गेला कुठे हे शोधायचं कसं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. रायपूरला पत्रकार आणि गावात काम करणाऱ्या संस्थांसाठी सरकारी पैशाचा माग काढायची तीन दिवसांची कार्यशाळा आहे म्हटल्यावर मी लगेच बॅग भरली.

नागपूरहून जाणार असाल तर दिवसाचीच गाडी घ्या. गोंदियाच्या पुढचं जंगल आणि मग डोंगरगडची टेकडी बघण्यासारखी आहे. रायपूर स्टेशनवर रिक्षावाला पहिला भाव दुप्पट सांगतो. मी उतरले त्या शंकर नगरपर्यंत दीडशेत येतो.

उतरले मैत्रिणीच्या मावशीकडे, मीनाकाकूंकडे. नागपूरकर भोसल्यांच्या काळात आलेलं हे घराणं आता पक्कं रायपूरचं झालंय. "हॉटेलात काहून पैसे घालायले निघाली होतीस गं? मले आधीच फोन करायचा ना!" असं दारातच दटावून त्यांनी पुढ्यात गरम फरा ठेवला. तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके, वर मोहरीची फोडणी, सोबत टोमॅटोची चटणी. रायपुरात हा खाल्ल्याशिवाय परतू नका.

पहिला दिवस वर्गात गेला. शिकवायला नूतनताई होत्या, सरकारी लेखापरीक्षणातून निवृत्त झालेल्या, मूळच्या अमरावतीच्या. निविदा कुठे बघायची, पैसे दिल्याची नोंद कशी मागायची, जीएसटी क्रमांकावरून दुकानाच्या पाटीमागचा मालक कसा कळतो, हे त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की जेवणाची सुट्टी झालेली कुणाच्या लक्षात आली नाही.

माझ्या शेजारी सतरूपा दीदी बसायच्या. सिलतराच्या पलीकडच्या गावातल्या, महिला गटाच्या अध्यक्ष. त्यांच्या गावचं उपआरोग्य केंद्र कागदावर पूर्ण झालं होतं. सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला टेम्पोत घालून शहराकडे धावावं लागलं आणि नात रस्त्यातच जन्मली. "दोनों बच गए, भगवान की दया," त्या म्हणाल्या. "पर हर बार दया के भरोसे थोड़ी रहेंगे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे त्यांच्या गावाला गेलो. सिलतराच्या कारखान्यांमधून जाताना काचा बंद ठेवा, काळी धूळ डोळ्यांत जाते. गावात केंद्राच्या जागी नुसता पाया होता. त्यावर शेण्या वाळत घातलेल्या. फोटो काढले, दुपारी वर्गात येऊन निविदेच्या कागदातला कंत्राटदाराचा जीएसटी क्रमांक टाकला. पडद्यावर मालकाचं नाव आलं, पत्ता रायपूरच्याच भनपुरीचा.

"मिल गया!" बिलासपूरचा एक पत्रकार ओरडला. "आज शाम को ही चला देते हैं."

सतरूपा दीदींनी ते नाव वाचलं. गप्प राहिल्या असत्या तर आम्हाला कळायचं काहीच कारण नव्हतं. पण त्या उठून उभ्या राहिल्या.

"ये तो मोर भाई हे," त्या म्हणाल्या. "खेमलाल. वो ठेकेदार नहीं है. ठेकेदार का ट्रक चलाता है."

नूतनताईंनी पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात दिला आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "नाम मिला है, चोर नहीं मिला. पहले उससे पूछेंगे."

त्या संध्याकाळी कुणीच बातमी चालवली नाही. काकूंनी उडदाचे गोळे सोडलेली डुबकी कढी केली होती, पण माझं जेवणात लक्ष नव्हतं. भाऊ सामील असला तर या बाईनं काय करायचं?

सकाळी दीदी, नूतनताई आणि मी भनपुरीला गेलो. ट्रकांच्या रांगेतून चालत खेमलालपर्यंत पोहोचलो. तो टायर तपासत होता. बहिणीनं विचारलं तसं त्यानं सगळं सांगितलं. ट्रकसाठी कर्ज काढून देतो म्हणून ठेकेदार मालकानं त्याचं आधार आणि पॅन घेतलं होतं. फोनवर आलेले ओटीपीचे आकडे तो मालकाला सांगत गेला. ट्रक कधी नावावर झाला नाही. कंत्राटदाराची फर्म मात्र झाली, आणि त्याला पत्ताच नव्हता.

"दीदी, मोला जेल हो जाही का?" त्यानं विचारलं.

"झन डर," घाबरू नको, असं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या. "सच बोलबे, त मैं तोर संग हंव."

त्यानं हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, "हव. बताहूं." हो, सांगतो. नूतनताईंनी तिथूनच ओळखीच्या वकिलाला फोन लावला, आणि दुपारी त्याचा जबाब त्याच्याच शब्दांत लिहिला गेला. बिलासपूरच्या त्या पत्रकारानं तो वाचला आणि खेमलालला स्वतःच्या मोटारसायकलवरून घरी सोडून आला.

निघताना काकूंनी ठेठरी-खुरमीचा, म्हणजे बेसनाच्या खाऱ्या आणि गव्हाच्या गोड तळलेल्या खाऊचा, डबा बांधून दिला. "त्या पोट्ट्याचं काय झालं ते कळव मले," एवढंच म्हणाल्या.

मी त्यांना कळवलंय, तुम्हालाही सांगते. (नावं अर्थातच बदलली आहेत.) खेमलालची नोकरी गेली. दोन महिने बहिणीनं त्याचं घर चालवलं; आता तो दुसरीकडे ट्रक चालवतो. त्याच्या जबाबावरून चौकशी सुरू झाली; तीत तो आरोपी नाही, साक्षीदार आहे. मालकाची बिलं थांबली आहेत. इमारत अजून उभी नाही, पण आठवड्यातून एकदा नर्सबाई गावातल्या शाळेच्या खोलीत बसते.

रायपूरनं मला शोधायचं तंत्र दिलं, त्याबद्दल मी ऋणी आहेच. त्याहून जास्त ऋणी आहे सतरूपा दीदींची, भर वर्गात उभं राहून भावाचं नाव घेतल्याबद्दल.

परवा इथे चंद्रपुरात एका रस्त्याच्या कामात असंच एक नाव पडद्यावर आलं. बातमी लिहून तयार होती. मी गाडी काढली आणि आधी त्या माणसाच्या घरी गेले.